गाणे लावणे आणि गाणे ऐकवणे



व्याख्यानमालेच्या चालकांचे आमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि गेली नऊ वर्षे आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावरून दर रविवारी रात्री अर्धा तास जुनी गाणी ऐकवते. एवढ्याशा भांडवलावर व्याख्यान कसे द्यायचे? पण चालक म्हणाले, "बाई, तेच सांगा. गाणी कशी ऐकवता ते सांगा." त्यांच्या त्या 'ऐकवता' या शब्दानेच मला आजचा विषय दिला. गाणे लावणे ही एक गोष्ट आहे आणि गाणे ऐकवणे ही दुसरी. लावायला यंत्र पुरते. ऐकवायला माणूस लागतो. आणि त्या माणसाचा शब्द आता हवेत विरून जात नाही, तो साठून राहतो. त्यामुळे त्याची जबाबदारी किती वाढली आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आरंभी थोडा इतिहास सांगते. गाण्याआधी किंवा गाण्यानंतर कोणीतरी बोलावे ही चाल आपल्याकडे ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गेस्बर्ग हे तंत्रज्ञ कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपता संपता गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. त्याचे कारण मोठे व्यावहारिक होते. तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गाणाऱ्याने आपले नाव आपणच सांगायचे. म्हणजे आपल्याकडचे पहिले निवेदन गायिकेनेच केले, आणि त्यात होते काय, तर फक्त नाव. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे पुन्हा नावापाशीच यायचे आहे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी या नावावरूनच मोठा वाद झाला. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना अभिमान होता आणि चित्रपटगीतांविषयी फारसा आदर नव्हता. रेडिओवर गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे सरकारी बाजूचे म्हणणे. तर नाव सांगायचे नसेल तर आमची गाणीही नकोत, असे निर्मात्यांचे म्हणणे. परिणाम काय झाला? आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि सारा देश सिलोन लावू लागला. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सायानी यांना तेव्हा विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ते मुंबईत ध्वनिमुद्रण करीत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. गाणी तीच होती, जी सगळ्यांना ठाऊक होती. लोक बुधवारची वाट पाहत ती त्या 'बहनो और भाइयो'साठीही. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आपली विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परत आली.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत झाले. ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल बांधावी, आणि दर आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात छप्पन्न गीते झाली. माझ्या आईने ती त्या वेळी ऐकली होती. ती सांगे की घरात रेडिओ नव्हता. शेजारच्या वाड्याच्या ओसरीवर बायका जमत, आणि गीत संपल्यावर लगेच कोणी उठत नसे. पुढचे गीत आठ दिवसांनी! आज तीच गीते हवी तेव्हा, हव्या त्या क्रमाने ऐकता येतात. ही सोय मोठीच आहे. पण आठ दिवस थांबण्यात जे होते, ते सोयीत सापडत नाही. एकाच वेळी अनेकांनी एकच ऐकणे हे नभोवाणीचे खरे वैभव. आपणही आज संध्याकाळी घरदार सोडून इथे जमला आहात, ते याचसाठी ना?

आता आमच्या केंद्राविषयी सांगते. १९५० च्या दशकात रेडिओ म्हणजे सरकार किंवा सिलोन. २००६ साली सरकारने नवे धोरण आखले आणि सेवाभावी संस्थांनाही लहान केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. याला समुदाय रेडिओ म्हणतात. प्रक्षेपक शंभर वॅटचा. चांगला सूर असेल तर दहाबारा किलोमीटर ऐकू जातो, मध्ये डोंगर आला की डोंगरच ऐकतो. आमची खोली लहान आहे. भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या आहेत, कारण मोकळ्या भिंतीवरून आवाज उलटून येतो आणि बोलणारा विहिरीत उभा असल्यासारखा वाटतो. ध्वनिग्राहकापासून वीतभर अंतर ठेवून, किंचित बाजूला तोंड करून बोलावे, नाहीतर 'प' आणि 'फ' फटाक्यासारखे उडतात. हे सर्व आठवड्याभरात शिकता येते.

शिकायला वर्षे लागतात ती दुसरीच गोष्ट. पहिल्या वर्षी मी फार बोलत असे. शिक्षिकेची खोड! गाणे तीन मिनिटांचे आणि माझे प्रास्ताविक पाच मिनिटांचे. जुनी तबकडी एका बाजूला साधारण तीन मिनिटे वाजते. तेवढ्यात गवयाला अख्खा राग उभा करायचा असतो. त्याने जे तीन मिनिटांत बसवले, त्याच्या स्वागताला मी पाच मिनिटे घ्यावीत, हे कोणत्या हिशेबात बसते? हळूहळू मी एक नेम केला. गाण्यापूर्वी श्रोत्याला एकच गोष्ट सांगायची: कान कोठे ठेवावा. "शेवटच्या अर्ध्या मिनिटात तबकडी संपत आली हे गायकाला कळले आहे, पाहा, तान कशी आवरती घेतात." बस्स, एवढेच. ज्याने ते ऐकले, त्याने ते गाणे पुन्हा पूर्वीसारखे ऐकले नाही. आणि गाणे संपल्यावर नावे सांगायची: कोणी गायले, शब्द कोणाचे, चाल कोणाची, साथीला कोण. गाण्याच्या सुरावटीवर आपला आवाज चढवायचा नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत गप्प बसायचे. गप्प बसणे हे निवेदकाचे निम्मे काम आहे, आणि त्यासाठी तेही लिहून ठेवावे लागते. माझ्या कागदावर मी 'थांबा' असे तांबड्या शाईने लिहिते.

चार वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. म्हणाला, "बाई, तुमचा कार्यक्रम मी रविवारी ऐकू शकत नाही, मी पुण्यात असतो. तो पॉडकास्ट म्हणून ठेवा ना." हा शब्द आता तुम्हा सर्वांच्या कानांवरून गेला असेल. २००४ च्या फेब्रुवारीत एका इंग्रजी वृत्तपत्रातील लेखात बेन हॅमर्सली यांनी तो प्रथम वापरला. त्या वेळी लोकांच्या खिशात असलेल्या आयपॉड या यंत्राचे नाव आणि प्रक्षेपणाला असलेला इंग्रजी शब्द यांचा तो सांधा आहे. कल्पना अगदी सोपी आहे. आपण मासिकाची वर्गणी भरतो आणि अंक निघाला की टपालाने घरी येतो. तसेच हे. कार्यक्रमाची ध्वनिफीत इंटरनेटवर एका ठिकाणी ठेवायची. तिच्याबरोबर एक यादी ठेवायची, तीत प्रत्येक भागाचे नाव, तारीख आणि तो कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. श्रोत्याच्या मोबाईलमधील योजना ती यादी वरचेवर पाहते आणि नवा भाग आला की आणून देते. प्रक्षेपक नको, मनोरा नको, दहा किलोमीटरची मर्यादा नको.

मी हो म्हटले, आणि पहिल्याच पायरीवर ठेच लागली. विद्यार्थी म्हणाला, "बाई, गाणी काढावी लागतील." मी म्हटले, "गाण्यांच्या कार्यक्रमातून गाणी काढायची, मग राहील काय? वरणाविना आमटी?" पण त्याचे खरे होते. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रेडिओ केंद्राने रीतसर सूचना द्यावी, ठरलेले मूल्य भरावे आणि गाणी प्रक्षेपित करावी, अशी तीत तरतूद आहे. ही वाट इंटरनेटवरून मागणीनुसार गाणी पुरवणाऱ्यांना खुली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि २०२२ साली खंडपीठाने तो कायम केला. म्हणजे रविवारी रात्री जे गाणे मी हक्काने लावते, तेच सोमवारी पॉडकास्टमध्ये ठेवायचे तर मालकांची वेगळी परवानगी हवी. हे आमच्यासारख्या लहानांनाच नडते असे समजू नका. बीबीसीचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम १९४२ सालापासून चालू आहे. पाहुण्याने एकाकी बेटावर नेण्यासाठी आठ तबकड्या निवडायच्या, अशी त्याची कल्पना. तो पॉडकास्ट झाला तेव्हा त्यातही गाण्यांचे तुकडे आखूड करावे लागले.

काही लोक सांगतात की तीस सेकंद वाजवले तर चालते. मी वकील नाही, पण कायद्यात असा सेकंदांचा हिशेब दिलेला नाही. टीका किंवा समीक्षा करताना रास्त तेवढा उपयोग करावा, एवढी सवलत आहे. आणि रास्त म्हणजे किती, हे घड्याळावर मोजता येत नाही.

मग आम्ही काय केले? आम्ही वर्षांची वजाबाकी करीत बसलो. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे टिकतो, आणि शब्दांचा व चालीचा हक्क कवीच्या व संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' ही नाटके घ्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली, गोविंदराव टेंबे १९५५ साली. तिघांच्याही मुदती संपल्या. तबकडीही साठ वर्षांहून जुनी असेल, तर ती सर्वांची. पण गीतरामायण? माडगूळकर १९७७ साली गेले आणि फडके २००२ साली. तबकडी कितीही जुनी झाली तरी शब्द आणि चाल अजून त्यांच्या वारसांच्या आहेत, आणि त्या असाव्यात. ज्याने आपल्या घरचे तांदूळ रांधून वाढले, त्याला विचारल्याशिवाय पंगत मोठी करू नये.

तेव्हा आमच्या पॉडकास्टात नाट्यसंगीताची जुनी पदे पूर्ण असतात, आणि इतर गाण्यांविषयी मी फक्त बोलते. गाणे श्रोत्याने आपल्याजवळ शोधून ऐकावे. यात माझी परीक्षा झाली. गाणे पाठीशी नसताना नुसत्या शब्दांनी कोणाला ते ऐकावेसे वाटले पाहिजे! पण लाभही झाला. रात्रपाळीची एक परिचारिका पहाटे घरी जाताना बसमध्ये ऐकते. एक शेतकरी धार काढताना ऐकतो आणि कळवतो की म्हशीला नाट्यसंगीत चालते. माझ्या दहा किलोमीटरच्या बाहेर एवढी माणसे आहेत हे मला ठाऊकच नव्हते.

आता दोन प्रसंग सांगते. पहिला माझ्या चुकीचा. एका रविवारी 'स्वयंवरा'तील एक पद लावले आणि नावे सांगताना चालीचे श्रेय मी गोविंदराव टेंब्यांना देऊन मोकळी झाले. १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली टेंब्यांच्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या भास्करबुवांच्या. हे मी शेकडो वेळा सांगितले असेल, पण जीभ घसरली. मंगळवारी एका वृद्ध पेटीवादकांचा दूरध्वनी आला. म्हणाले, "बाई, रविवारी ऐकले तेव्हा मी काही बोललो नाही. म्हटले, चूक वाऱ्यावर गेली. पण काल नातीने मोबाईलवर लावले, आणि ती वहीत लिहून घेत होती. म्हणून बोलतो." मला भर उन्हात थंडी वाजली. नभोवाणीवरची चूक पावसाच्या थेंबासारखी सुकून जाते. साठवलेली चूक दर वेळी नव्याने शिकवली जाते. आम्ही तो भाग काढला, सुधारला, आणि पुढच्या रविवारी आरंभीच मी चूक कबूल केली. शाळेत पस्तीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या. आता माझी वही तपासायला गाव बसले आहे, आणि ते बरेच झाले.

दुसरा प्रसंग अधिक खोल गेला. आषाढीच्या सुमारास आमच्या केंद्रावर जवळच्या गावच्या बायकांचे भजनी मंडळ आले. अभंग मोकळे, सर्वांचे. हक्काचा प्रश्न नाही, असे मी धरून चालले. कार्यक्रम रंगला आणि सोमवारी तो पॉडकास्टातही गेला. महिन्याभराने मंडळातील एक बाई, मुख्य गाणाऱ्याच, माझ्या दारात आल्या. बसायलाही तयार नव्हत्या. म्हणाल्या, "बाई, ते तेवढे काढून टाका." मी विचारले, "का हो? सगळे तर वाखाणतात." तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्या अभंगाला माझा गळा फाटला. रेडिओवर गेले ते वाऱ्यावर गेले, त्याचे काही नाही. पण हे दर वेळी तिथेच फाटते. सूनबाई लावते, तिच्या मैत्रिणी ऐकतात. मी त्या रात्रीपुरते गायले होते."

मी त्या रात्रीपुरते गायले होते! बंधुभगिनींनो, अभंग सर्वांचा होता. गळा त्यांचा होता. मी शब्दांचा हक्क पाहिला, चालीचा पाहिला, तबकडीचा पाहिला, आणि समोर बसून गाणारीला विचारायचे विसरले. १९९४ सालापासून आपल्या कायद्यानेही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क मानला आहे. पण हे समजायला कायदा कशाला हवा? त्याच संध्याकाळी आम्ही तो भाग काढला. पुढच्या वर्षी त्या आपणहून आल्या, दोनदा गायल्या, दोन्ही वेळा ऐकून पाहिले, आणि मग म्हणाल्या, "हे दुसरे ठेवा." तेव्हापासून आमच्या केंद्रात गाणाऱ्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात: आज ऐकवू का? आणि कायमचे ठेवू का? पहिल्याला हो म्हणणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याला विचार करायला आठ दिवस देतो.

साठवणे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्याकडे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०–९० च्या दशकांत खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. आज त्या इंटरनेटवर आहेत, आणि त्यांतील ध्वनिमुद्रित ओव्यांबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. जाती गेली, पण त्या बायांची नावे राहिली. साठवावे ते असे.

शेवटी एका मोठ्या गळ्याची आठवण करते. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ. त्यांच्या मोजक्या तबकड्यांतील एक भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घेतली गेली. व्हॉयेजर-१ यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले; केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. जिने आपला सूर इतका जपून, निवडून दिला, तिचाच सूर सर्वांत लांब गेला आहे. मला यात एक धडा दिसतो: जे कायमचे ठेवायचे, ते असे निवडूनच द्यावे.

तुमच्या गावातही कोणी भारूड म्हणणारा असेल, कोणी गोंधळी, कोणी पेटी वाजवणारे आजोबा. खिशातल्या मोबाईलवर त्यांना आजच मुद्रित करता येईल. अवश्य करा. पण आधी विचारा, मग मुद्रित करा, आणि नाव गाव अचूक लिहा. गौहरजान यांना आपले नाव आपणच पुकारावे लागले. ज्यांना ते पुकारता येत नाही, त्यांच्यासाठी निवेदक असतो.

मी आज बोलले ते पुढे या व्याख्यानमालेच्या पुस्तकात छापले जाईल, असे चालक सांगतात. तेव्हा यात कोठे चूक राहिली असेल, तर मंगळवारपर्यंत वाट पाहू नका. आत्ताच उठून सांगा.